वाचक विचारतात : मागे उरलेल्यांशी काय बोलायचं?

गेल्या अंकात दरडीत आणि भूकंपात माणसं गमावलेल्यांबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. नावं छापत नाहीये, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. सगळ्यांना इथे उत्तर देता आलं नाही, बाकीच्यांना वेगळं लिहीनच.

प्रश्न : ताई, मी मूळचा औसा तालुक्यातला, आता चिंचवडला कंपनीत आहे. 93 च्या भूकंपात मी नऊ वर्षांचा होतो. आई, दोन बहिणी आणि आजी गेल्या. विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही पोरं देवळासमोरच्या पारावरच झोपलो होतो म्हणून वाचलो. माय दोनदा येऊन हाक मारून गेली, घरात चल, गार वारं लागतंय म्हणून, मी झोपेचं सोंग घेतलं. आता माझी लेक नऊ वर्षांची झालीय आणि यंदा गणपती बसले तेव्हापासून मला झोपच येईना. बायको म्हणते एवढी वर्षं झाली, आता तरी सोडा ते. मला कळत नाही माझं काय चुकलं, तेव्हा मायचं ऐकलं नाही ते चुकलं की वाचलो ते.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते झोपेचं सोंग तुम्ही आजवर किती जणांना सांगितलंय मला माहीत नाही, बहुतेक कुणालाच नाही, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. तेवढ्याच ताकदीचा भूकंप दुसरीकडे झाला असता तर इतकी गेली नसती असं जाणकार सांगत आले, आणि त्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे कारण तुम्ही त्याच घरात वाढलात. माळवदाचं घर. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवेल असा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, तो गळू नये म्हणून त्यावर पुन्हा मातीची भर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, चोराला फोडता येत नाही असं घर, ज्याची ऐपत जास्त त्याची भिंत जास्त जाड. आणि त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो सगळा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणजे झोन एकमध्ये, पुढे 2002 साली तो झोनच काढून टाकला आणि लातूरचा भाग झोन तीनमध्ये आला. आदल्या वर्षी तिथे धक्के जाणवले होते, लोक घाबरले होते, पण मोठं काही झालं नाही म्हटल्यावर परत आपापल्या छताखाली गेले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की तुमच्या आईने घरात चल म्हणून हाक मारली ती गावातल्या, सरकारातल्या, शास्त्रातल्या सगळ्यांच्याच समजुतीप्रमाणे बरोबर हाक होती, आणि तुम्ही गेला नाहीत ते नऊ वर्षांचं दमलेलं पोरगं जसं वागतं तसं होतं. त्या रात्री कोण राहिलं आणि कोण गेलं ते भिंतीने ठरवलं, बाज कुठे टाकली होती त्याने ठरवलं, ऐकण्या-न ऐकण्याने नाही. तरीही मन हिशोब मांडतंच, कारण "माझं चुकलं" म्हटलं की निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं वाटतं, आणि काहीच हातात नव्हतं हे मान्य करणं त्याहून जड जातं. भूकंपात, पुरात, दरडीत जवळची माणसं गेलेल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकलंय, प्रत्येकाजवळ अशी एक हाक असते, एक न केलेला फोन असतो, एक "थांब ना अजून दोन दिवस" असतं.

दुसरं, तुम्हाला तेव्हा रडायला जागा मिळाली नसणार. किल्लारी-सास्तूर भागात पाऊस चालू होता, पडलेल्या घरांच्याच लाकडांवर सामुदायिक चिता पेटल्या, कुणाचं कोण त्यात गेलं ते पोरांना दाखवलंही नसेल. मग तात्पुरते पत्र्याचे निवारे, मग नवी गावं. 52 गावं पूर्ण हलवली, पण घर किती मोठं ते कुणाची किती शेतजमीन होती त्यावर ठरलं, 250, 400 किंवा 750 चौरस फूट, आणि त्या हिशोबाने रांगा पडल्या, म्हणजे जी गल्ली एकत्र जगली आणि एकत्र गेली तिची उरलेली माणसं लांब लांब रस्त्यांवर विखुरली, ज्या शेजारणीजवळ तुमची माय आठवणीत होती ती शेजारीणच राहिली नाही. अनेक लेकरं शिकायला पुण्याला आली, भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना वाघोलीला आणून शिकवलं, ते मोठं काम होतं आणि त्यामुळे कितीतरी जण पायावर उभे राहिले हे मी मनापासून मानते. पण त्या काळात आपल्याकडे बहुतेक मोठी माणसं पोराला एकच सांगायची, रडू नको, पुढे बघ. तुम्ही पुढे बघितलंत. नोकरी केलीत, संसार केलात, आणि आता लेक तेवढीच झाली म्हटल्यावर मागचं सगळं समोर येऊन बसलंय, कारण आत्ता तुम्हाला रोज डोळ्यांनी दिसतंय की नऊ वर्षांचं मूल केवढुसं असतं.

वहिनींना माझं एवढं सांगा की त्या तारखेला, त्या सणाला जीव कासावीस होणं हा आजार नाही. पण गणपती झाल्यावरही दोन-तीन आठवडे झोप नसेल, दचकून जाग येत असेल, ढोल-ताशा ऐकला की छाती धडधडत असेल, कामावर लक्ष लागत नसेल तर मात्र मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाच, त्यावर चांगले उपचार आहेत आणि इतक्या वर्षांनी गेलं तरी उपयोग होतो. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लेकीला सांगा. मरणाची गोष्ट नाही, मायची गोष्ट. ती कशी हाक मारायची, भाकरी कशी थापायची, कुठल्या गोष्टीवर हसायची, बहिणींची भांडणं कशावरून व्हायची. दर 30 सप्टेंबरला जुन्या किल्लारीत लोक जमतात, श्रद्धांजली वाहतात, जमलं तर या वर्षी तिघं मिळून गावी जा, तुमचं गाव वेगळं असलं तरी जुनी जागा आहेच ना. तिथे तुमच्या वयाची माणसं भेटतील, आणि माझा अंदाज आहे पारावर झोपलेल्या पोरांपैकी कुणीतरी भेटेल.

प्रश्न : आमच्या ऑफिसात साफसफाईला एक मावशी आहेत. त्यांची बहीण दरडीत गेली, भाचा सापडला पण बहीण सापडली नाही, शोध थांबवला. मावशी मधेच म्हणतात ती कुठेतरी असेल, तिला विसर पडला असेल. ऑफिसातल्या बायका म्हणतात त्यांना एकदा नीट समजावून सांगा की आता आशा सोडा. मला ते तोंडाने बोलवत नाही. काय करू? (पनवेल)

उत्तर : बोलवत नाही तर बोलू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीच्या दरडीचं आठवा. 19 जुलै 2023 ची रात्र, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी, वर जायला रस्ता नाही, पोकलेन जेसीबी काही नेता येत नाही, धो धो पाऊस, बचावाची माणसं चिखलातून चढून वर गेली आणि हाताने, फावड्याने माती उपसत राहिली, मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तर चढतानाच हृदयविकाराने जीव गेला. 27 देह मिळाले. 57 माणसं मिळालीच नाहीत आणि 23 जुलैला शोध थांबला. त्याच्या दोन वर्षं आधी महाड तालुक्यातल्या तळीयेला असंच, काही दिवस शोधून मग न सापडलेल्यांना मृत धरायचं ठरलं. शोध थांबवण्याचा तो निर्णय मला समजतो. देह आतल्या आत खराब होतात, रोगराईची भीती असते, वरून अजून दरड येईल अशी परिस्थिती असते. कागदाचाही प्रश्न असतो, एरवी बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्यात सात वर्षं जावी लागतात, अशा आपत्तीत सरकार वेगळी प्रक्रिया करून दाखला लवकर देतं म्हणून वारसांना मदत मिळते, घर मिळतं, शाळेत पोराचं नाव लागतं. कागद हवाच. पण कागदाने मावशींच्या मनात काही संपत नाही, कारण त्यांनी बहिणीचा चेहरा बघितला नाही, पाणी पाजलं नाही, हात लावला नाही.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक बाई आहेत, त्यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांपासून या विषयावर काम सुरू केलं आणि पुढे अनेक आपत्तींत केलं. त्यांचं म्हणणं असं की ज्यांचं माणूस सापडलं नाही त्यांच्यावर "संपलं, मान्य कर" असा जोर लावू नये, ती गेली असेल आणि ती असेलही, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात आणि तसं होणं वेडेपणा नाही. मावशी रोज कामाला येतात, पगार घरी नेतात, मुलांचं करतात, आणि मधेच म्हणतात ती कुठेतरी असेल. म्हणू द्या. त्या तुमच्याकडे बातमीची खात्री करायला आलेल्या नाहीत.

तुम्ही फक्त विचारा, काय नाव होतं तिचं? मोठी की धाकटी? लग्नात काय गंमत झाली होती? बहीण गेलेल्या बाईला लोक बहिणीबद्दल विचारतच नाहीत, तिला वाईट वाटेल म्हणून, आणि मग तिला बहिणीचं नाव घ्यायला कुठे जागाच उरत नाही. विधीचं म्हणाल तर देह मिळाला नाही तर काय करायचं याची सोय आपल्या जुन्या माणसांनी करून ठेवली आहे, पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात, आणि प्रत्येक समाजाची आपली आपली पद्धत असते, मावशींच्या घरच्या मोठ्या माणसांना ती ठाऊक असणार. कधी करायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ठरलं की सुट्टी पगारी मिळेल एवढं बघा. तहसील कार्यालयात दाखल्याच्या कामासाठी कुणी सोबत गेलं तर त्याचं मोल सांत्वनाच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त आहे, तिथे एकटीने रांगेत उभं राहून बहिणीच्या मृत्यूच्या फॉर्मवर अंगठा किंवा सही करणं काय असतं याचा विचार करा.

आणि ऑफिसात कुणी त्यांच्यासमोर "डोंगराखाली राहायचंच कशाला" असं म्हणत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. मला या वाक्याचा खरोखर राग येतो. ती माणसं पिढ्यानपिढ्या तिथे आहेत, त्यांची शेती, त्यांचं जंगल, त्यांचे देव तिथे आहेत, आणि इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं होतं. ज्या धोक्याची यादी करणाऱ्यांनाही कल्पना नव्हती तो वाडीतल्या म्हातारीने ओळखायला हवा होता का?

प्रश्न : आमची ठाण्यात 120 फ्लॅटची सोसायटी आहे. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात आम्ही टेम्पो भरून कपडे पाठवले होते. पुढे कुठे काही झालं तर काय गोळा करून ठेवू?

उत्तर : भावना चांगली आहे पण जुने कपडे नको. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर आणि रस्त्यांच्या कडेला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते, कोळी बायका त्यांना हातही लावायला तयार नव्हत्या, आणि का लावावा, घर गेलं म्हणून स्वाभिमान जात नाही. तिथे ज्या संस्था आधीपासून काम करतात त्यांना फोन करून विचारा आत्ता काय हवंय, आणि शक्यतो पैसे द्या. वस्तूच द्यायच्या तर नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉर्च, जनावरांसाठी चारा, पुरानंतर घरातला चिखल काढायला माणसं. हायवेलगतच्या गावांत दहा टेम्पो आणि आत काहीच नाही असं होतं, म्हणून आतल्या गावांची चौकशी आधी करा. घेणाऱ्याचा फोटो काढू नका, बॅनर तर नकोच. बघायला म्हणून कुणी जाऊ नका, इर्शाळवाडीच्या वेळी गर्दी आवरायला जमावबंदी लावावी लागली होती.

आणि सगळा फंड पहिल्या आठवड्यात संपवू नका. अर्धा सहा महिन्यांनी द्या, तेव्हा टीव्हीवाले गेलेले असतात, शाळेची फी भरायची असते आणि माणूस उधारी मागून मागून थकलेला असतो.

प्रश्न : मी नाशिकला बँकेत आहे. वायनाडची दरड झाली तेव्हा दिवसभर मोबाईलवर तेच बघत होते, पहिल्या दिवशी रडले, तिसऱ्या दिवशी मला काहीच वाटेना, व्हिडिओ पुढे सरकवून रेसिपी बघायला लागले. तेव्हापासून कुठलीही अशी बातमी आली की आत काही हलतच नाही. मी निर्दयी झालेय का हो?

उत्तर : नाही. निर्दयी माणूस असं पत्र लिहीत नाही.

वायनाडची दरड 30 जुलै 2024 ची, पहाटेची, आणि आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं ते 30 जुलै 2014 ला, बरोब्बर दहा वर्षं आधी. माळीणमध्ये 151 माणसं गेली. तिथे काय झालंय ते बाहेर कसं कळलं आठवतंय? सकाळी एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला दिसलं की गाव होतं तिथे गाव नाही, आणि त्याने ते कळवलं. त्या क्षणी त्याच्या मनात किती कालवाकालव झाली ते आपल्याला माहीत नाही, झाली असेल किंवा तो नुसता बधिर झाला असेल, पण त्याने बघितलं आणि सांगितलं म्हणून मदत निघाली.

तुमच्या मनाने तीन दिवसांत शेकडो मृत्यू बघितले, तेही एका स्क्रीनवर, हाताने करण्यासारखं काही नसताना. मन बंद होणारच, बंद झालं नसतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कॅश मोजू शकला नसता. दया म्हणजे सारखं रडू येत राहणं असं आपण धरून चालतो, पण तिथे जी माणसं खरंच काम करत होती ती रडत बसलेली नव्हती. वायनाडच्या दरडीत गेलेल्या चुरलमला-मुंडक्कई या गावांतले कितीतरी देह आणि देहाचे तुकडे चालियार नदीने मलप्पुरम जिल्ह्यात नेऊन सोडले, ते लोकांनी नदीतून, जंगलातून गोळा केले. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना वायनाडमधल्याच पुत्तुमलाला पुरलं, दगडावर नावाऐवजी नंबर, आणि सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या, कारण आत हिंदू आहे, मुसलमान आहे की ख्रिश्चन ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढे डीएनए जुळला तसं काहींच्या नंबराच्या जागी नाव आलं. इडुक्कीहून एक आई तर स्वतःचं तान्हं घेऊन निघाली, अनाथ झालेल्या बाळांना दूध पाजायला. हे वाचून तुम्हाला काही वाटलं तर उत्तम, नाही वाटलं तरी चालेल.

व्हिडिओ बंद करा, खरंच. दिवसातून एकदा पेपर वाचा, बास. आणि शेकड्यांचा विचार सोडून एक धरा. नाशिक जिल्ह्यातच डोंगरकडेच्या वाड्या आहेत, तिथल्या पोरांच्या आश्रमशाळा आहेत, एखाद्या शाळेत विचारा कुणाला पुढच्या शिक्षणाला मदत हवी आहे का, आणि तेवढं एक वर्षानुवर्षं निभवा. तुम्ही बँकेत आहात, तर त्याहून सोपं एक काम तुमच्या हातात आहे. ज्यांचं घर गेलं त्यांचं पासबुक, आधार, सगळंच गेलेलं असतं, खातं कुठल्या शाखेत आहे तेही कधीकधी फक्त गेलेल्या माणसालाच माहीत असतं, आणि मदतीचा चेक हातात असून वारसाला तो वठवता येत नाही. अशी एखादी बाई काउंटरवर आली तर तिला "उद्या या" म्हणू नका, बसवा, पाणी द्या, कुठला कागद कुठून मिळेल ते मराठीत एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि खाली तुमचा नंबर द्या, म्हणजे पुढच्या वेळी तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.